स्थविर आनंदांचा शोक आणि संघाचा निवाडा

प्रिय माणसाच्या मृत्यूनंतर बौद्ध उपासकाने शोक करावा की करू नये, हा प्रश्न आपल्या समाजात वारंवार उपस्थित होतो. मालवण-मसुऱ्याकडील बौद्धवाडी असो, की मुंबईतील चाकरमान्यांची चाळ असो, पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी त्रिसरण-पंचशील झाल्यानंतर कोणीतरी उठतो आणि सर्व संस्कार अनित्य आहेत, तेव्हा रडणे धम्माला धरून नाही, असे सांगतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु ज्या घरातील माणूस गेलेला असतो त्या घरातील बाईमाणसाला अशा वेळी आपला शोक हा जणू अपराधच आहे असे वाटू लागते.

या प्रश्नाला एक दुसरी बाजूही आहे. शोकाने व्याकूळ झालेल्या माणसाला ज्या संस्थेने आधार द्यावा तिनेच जर त्याला दोष दिला, तर त्याने काय करावे? संस्था सोडावी, तिच्याविरुद्ध उभे राहावे, की मुकाट्याने सर्व सहन करावे? पालि वाङ्मयात या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करावयास लावणारे एक चरित्र आहे. ते म्हणजे तथागतांचे उपस्थायक स्थविर आनंद यांचे. प्रस्तुत लेखात सुत्तपिटक व विनयपिटक यांच्या आधारे या चरित्रातील एकाच कालखंडाचा, म्हणजे महापरिनिर्वाण व त्यानंतरची पहिली संगीती यांच्या आसपासच्या घटनांचा, विचार करावयाचा आहे.

दाराला टेकून रडणारा भिक्खू

आनंद हे शाक्य कुळातील, तथागतांचे चुलतबंधू. तथागतांच्या आयुष्यातील अखेरची 25 वर्षे त्यांनी त्यांची अखंड सेवा केली. तथागतांना कोण भेटले, काय विचारले, तथागतांनी काय उत्तर दिले, हे सर्व त्यांच्या स्मरणात होते. पालि सुत्तांच्या आरंभी जो ‘मी’ ऐकल्याचे सांगतो, तो परंपरेनुसार आनंदांचाच ‘मी’ होय.

त्यांच्यावर पहिला आघात झाला तो सारिपुत्तांच्या निर्वाणाचा. संयुत्तनिकायात असे सांगितले आहे की, चुंद नावाचा सामणेर सारिपुत्तांचे पात्र व चीवर घेऊन श्रावस्तीस आला आणि त्याने ही वार्ता प्रथम आनंदांना सांगितली. आनंद त्याला घेऊन तथागतांकडे गेले. ही वार्ता ऐकून आपले शरीर बधिर झाल्यासारखे वाटते, दिशा सुचत नाहीत, असे त्यांनी निवेदन केले. सारिपुत्त जाताना शील, समाधी किंवा प्रज्ञा बरोबर घेऊन गेले काय, असे तथागतांनी त्यांना विचारले. आनंदांचे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते म्हणाले की यांपैकी काहीही सारिपुत्त घेऊन गेले नाहीत. परंतु ते उपदेश करणारे होते, सब्रह्मचाऱ्यांना धीर देणारे होते, आणि त्याचीच आठवण होते. या उत्तरात तत्त्वज्ञानाचा नकार नाही. अनित्यता मान्य आहे. तरीही गेलेल्या माणसाची उणीव जाणवते, एवढेच ते सांगतात.

त्यानंतरचा प्रसंग कुशीनगरचा. शालवनात तथागत अंतिम शय्येवर पडलेले असताना आनंद विहारात गेले आणि दाराच्या खुंटीला टेकून रडू लागले. आपण अजून ‘सेख’ आहोत, म्हणजे शिकणे बाकी आहे, आणि आपल्यावर अनुकंपा करणारा शास्ता तर निघाला, हे त्यांच्या रडण्याचे कारण होते. तथागतांनी त्यांना बोलावून घेतले. जे प्रिय आहे त्याचा वियोग अटळ आहे हे तर त्यांनी सांगितलेच; पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आनंदांनी इतकी वर्षे काया, वाचा व मन यांनी मैत्रीपूर्ण सेवा केली याची त्यांनी कृतज्ञतेने नोंद केली, प्रयत्न करीत राहिल्यास लवकरच आस्रवमुक्त होशील असे आश्वासन दिले आणि जमलेल्या भिक्खूंसमोर आनंदांच्या गुणांची प्रशंसा केली.

येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. शोक आवरण्यास सांगताना तथागतांनी शोक करणाऱ्याचा उपमर्द केला नाही. आधी त्याला जवळ बोलावले, त्याच्या सेवेचे मोल सांगितले आणि मग पुढील मार्ग दाखविला. पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी उपदेश करणाराने हा क्रम ध्यानात ठेवला तर पुष्कळ घरांना त्याचा आधार वाटेल.

संघापुढील संकट

महापरिनिर्वाणाचे वर्ष परंपरेने इ.स.पू. 543 मानले जाते. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी इ.स.पू. 483 हे वर्ष धरले, तर अलीकडील काहींनी ते त्याहूनही सुमारे शतकभर पुढे आणले. वर्ष कोणतेही धरले, तरी शास्त्याच्या मागे संघापुढे उभे राहिलेले संकट तेच राहते. निगंठ नातपुत्तांच्या निधनानंतर पावा येथे त्यांच्या अनुयायांत कसे भांडण माजले, याची वार्ता चुंद सामणेराने पूर्वीच आणली होती आणि ती तथागतांच्या कानी घालण्यासाठी आनंदच त्याच्याबरोबर गेले होते. आपल्या संघाचेही असेच होईल काय, ही भीती तेव्हापासून होती.

ती भीती निराधार नव्हती. महाकस्सप मोठ्या भिक्खुसमुदायासह पावेहून कुशीनगरकडे येत असता वाटेत त्यांना महापरिनिर्वाणाची वार्ता समजली. काही भिक्खू हात उंचावून रडू लागले. त्यांच्यातील सुभद्द नावाच्या, उतारवयात प्रव्रजित झालेल्या भिक्खूने मात्र त्यांना रडू नका असे सांगितले. कारण हे करा, ते करू नका असे सांगणारा आता उरला नाही, आता आपण मोकळे झालो, असे त्याचे म्हणणे होते. शोक न करणारा प्रत्येक जण ज्ञानी असतोच असे नाही, हे या प्रसंगावरून दिसते. रडणाऱ्यांची निष्ठा शाबूत होती; न रडणाऱ्या सुभद्दाची नव्हती.

सुभद्दाचे हे बोलणे महाकस्सपांनी राजगृहाच्या संगीतीचे कारण म्हणून मांडले, असे चुल्लवग्गाच्या पंचशतिक खंधकात म्हटले आहे. त्यांनी 499 अर्हत भिक्खू निवडले. आनंद अजून अर्हत झाले नव्हते. परंतु त्यांच्याशिवाय धम्माचे संगायन होणे शक्य नव्हते. भिक्खूंनी आग्रह धरला आणि आनंदांना पाचशेवे म्हणून घेण्यात आले. संगीतीच्या आदल्या रात्री आनंद उशिरापर्यंत ध्यानात होते. पहाटे आडवे होताना पाय जमिनीवरून उचलले गेले होते आणि डोके उशीला टेकले नव्हते, अशा क्षणी त्यांचे चित्त मुक्त झाले, असे वर्णन आहे. दुसऱ्या दिवशी उपालींनी विनय सांगितला व आनंदांनी धम्म सांगितला.

पाच आरोप

संगायन पूर्ण झाले आणि ज्याच्या स्मृतीवर अर्धी संगीती उभी होती त्यालाच स्थविरांनी आरोपीच्या जागी उभे केले. पालि विनयात पाच आरोप आहेत. पहिला असा की, संघाने इच्छा असल्यास बारीकसारीक नियम रद्द करावेत असे तथागतांनी सांगितले असता ते नियम कोणते, हे आनंदांनी विचारून घेतले नाही. दुसरा, तथागतांचे पावसाळी वस्त्र शिवताना त्यावर पाय दिला. तिसरा, तथागतांच्या देहाचे वंदन प्रथम स्त्रियांना करू दिले आणि त्यांच्या अश्रूंनी देह मलिन झाला. चौथा, तथागतांनी स्पष्ट सूचना देऊनही, अधिक काळ राहा अशी विनंती केली नाही. पाचवा, स्त्रियांना प्रव्रज्या मिळावी म्हणून खटपट केली.

आनंदांनी प्रत्येक आरोपाचे उत्तर दिले. विचारणे राहिले ते विस्मरणाने; वस्त्रावर पाय पडला तो अनादराने नव्हे; स्त्रियांना अवेळी घरी परतावे लागू नये म्हणून त्यांना आधी दर्शन घेऊ दिले; विनंती केली नाही, कारण त्या वेळी माराने चित्त ग्रासले होते; आणि महापजापती गोतमी ही तथागतांची मावशी, आई गेल्यावर तिने त्यांना आपले दूध पाजून वाढविले, म्हणून तिच्यासाठी शब्द टाकला. प्रत्येक उत्तराच्या शेवटी ते एकच गोष्ट सांगतात : मला यात दोष दिसत नाही, तथापि आपल्यावरील श्रद्धेमुळे मी तो दोष म्हणून मान्य करतो.

या वाक्याचे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. पहिल्या भागात आनंद आपल्या सदसद्विवेकबुद्धीशी प्रतारणा करीत नाहीत. संघ म्हणतो म्हणून ते काळ्याला पांढरे म्हणत नाहीत. दुसऱ्या भागात ते संघाच्या अधिकाराचा अवमान करीत नाहीत. त्यांचे मतही नोंदले गेले आणि संघही अभंग राहिला. पराभूत माणसाच्या तोंडी असे शब्द येत नाहीत.

इतर निकायांच्या विनयांत आरोपांची संख्या व क्रम निराळे आहेत. झाँ प्रिझिलुस्की या फ्रेंच अभ्यासकाने 1926 ते 1928 या काळात या सर्व वृत्तांतांची तुलना प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच हेर्मान ओल्डेनबर्ग यांनी, महापरिनिब्बान सुत्तात या संगीतीचा उल्लेख नाही यावर बोट ठेवून, तिच्या ऐतिहासिकतेविषयी शंका घेतली होती. तपशिलाविषयी मतभेद राहणारच. परंतु निरनिराळ्या निकायांनी आपल्या सर्वांत लाडक्या स्थविरावरील आरोपांची ही अवघड स्मृती पुसून टाकली नाही, हेच विशेष आहे. ज्या ग्रंथांत संघाचे गौरव आहे त्याच ग्रंथांत संघाच्या कठोरपणाचीही नोंद आहे, आणि वाचकाला दोन्ही बाजू समोर ठेवून निर्णय करता येतो.

आरोपांपैकी दोन स्त्रियांसंबंधी आहेत, हेही सांगितले पाहिजे. आज वाचताना त्या दोन उत्तरांत आनंदांचीच बाजू न्यायाची वाटते. हे केवळ आजचेच मत नव्हे. इ.स. 399 मध्ये चीनहून निघालेल्या फाहियानने मध्यदेशातील प्रथांचे वर्णन करताना, भिक्खुनी आनंदांच्या स्तूपाचे पूजन करतात, कारण त्यांनीच स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी विनंती केली, असे नमूद केले आहे. संगीतीने ज्याला दोष ठरविले, त्याच गोष्टीसाठी भिक्खुनी शतकानुशतके त्यांना वंदन करीत राहिल्या.

विरोधाच्या तीन वाटा

आनंदांना संघाविरुद्ध उभे राहणे शक्य होते काय? होते, आणि त्यासाठी साथही मिळाली असती. त्या काळातील इतर घटनांवरून हे दिसते.

पहिली घटना थुल्लनंदा भिक्खुनीची. आनंदांचे तीस शिष्य, बहुतेक तरुण, दक्खिणागिरी भागात चारिका चालू असता चीवर सोडून गेले. तेव्हा महाकस्सपांनी आनंदांना खडसावले आणि हे पोर स्वतःची पायरी ओळखत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. आपल्या डोक्यावर पांढरे केस आले आहेत, एवढेच आनंद म्हणाले. पण थुल्लनंदाला हे सहन झाले नाही. पूर्वी अन्य पंथात असलेल्या कस्सपांनी आनंदांसारख्या विद्वान मुनीला पोर म्हणावे काय, असा तिचा आक्षेप होता. पुढे ती संघ सोडून गेली. तिचा संताप आनंदांविषयीच्या आदरातून आलेला होता. तरी त्याचा शेवट तुटण्यात झाला.

दुसरी घटना पुराण स्थविरांची. संगीती संपल्यावर ते दक्खिणागिरीहून पाचशे भिक्खूंसह राजगृहास आले. संगायन झाले आहे, आपणही ते स्वीकारावे, असे स्थविरांनी त्यांना सुचविले. पुराणांनी संगायनाची प्रशंसा केली. परंतु आपण तथागतांच्या तोंडून जसे ऐकले तसेच धारण करू, असे सांगून ते बाजूस झाले. कोणावर राग नाही, कोणाशी भांडण नाही. तथापि संघाच्या निर्णयात ते सहभागीही झाले नाहीत. धम्माच्या इतिहासातील हा विनयशील मतभेदाचा आद्य नमुना म्हणता येईल.

तिसरी वाट सुभद्दाची, म्हणजे बंधन नकोच म्हणणाराची. तिच्याविषयी वर लिहिलेच आहे.

आनंदांनी या तिन्ही वाटा टाळल्या. त्यांच्याविषयी आदर बाळगणारे शिष्य होते, भिक्खुनी होत्या, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बुद्धवचन त्यांच्या मुखात होते. त्यांनी मनात आणले असते तर राजगृहातच दोन संघ झाले असते. याउलट, आरोपांचे प्रकरण आटोपताच संघाने छन्न भिक्खूला ब्रह्मदंड सांगण्याचे कठीण काम त्यांच्यावर सोपविले, आणि ते त्यासाठी कोसंबीला गेले. ज्याला नुकतेच दोषी ठरविले होते, तोच संघाचा आदेश घेऊन निघाला.

शोकाचे काय झाले?

म्हणून आनंदांचा शोक संपला असे मात्र नाही. थेरगाथेत त्यांच्या नावावर असलेल्या गाथांत सोबती गेला, शास्ता गेला, जुनी माणसे राहिली नाहीत आणि नव्यांशी आपले मन जुळत नाही, अशा आशयाची वेदना व्यक्त झाली आहे. अर्हत झालेल्या स्थविराच्या नावावर परंपरेने हा एकाकीपणा जतन करून ठेवला, यावरून आपल्या पूर्वजांना मानवी मनाची किती खोल जाण होती हे दिसते.

या शोकाचे आनंदांनी काय केले, याचे उत्तर मज्झिमनिकायातील गोपक मोग्गल्लान सुत्तात मिळते. महापरिनिर्वाणानंतर लवकरच राजगृहात गोपक मोग्गल्लान या ब्राह्मणाने आणि मगधाचा महामात्य वस्सकार याने त्यांना विचारले की, तथागतांनी आपल्यामागे कोणाला तुमचा आधार म्हणून नेमले आहे काय, किंवा संघाने कोणाला निवडले आहे काय. आनंदांनी दोन्ही प्रश्नांना नकारार्थी उत्तर दिले. मग तुमच्यातील एकोपा कशावर टिकतो, असा पुढचा प्रश्न आला. आपण निराधार नाही, धम्म हाच आपला आधार आहे. एका ग्रामक्षेत्रातील भिक्खू उपोसथाला एकत्र जमतात, पातिमोक्ख म्हणतात आणि कोणाचा दोष असेल तर धम्मानुसार त्याचा निवाडा करतात, असे त्यांनी स्पष्ट केले.

हे उत्तर देणारा माणूस तोच आहे ज्याला संघाच्या निवाड्याची झळ स्वतः सोसावी लागली. व्यक्तीवर ज्याचे सर्वांत अधिक प्रेम होते त्यानेच व्यक्तीच्या जागी दुसरी व्यक्ती बसविण्यास नकार दिला. आनंदांचा शोक असा धम्माच्या जतनात परिणत झाला. पुढे सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती भरली तेव्हा तेथील सर्वांत ज्येष्ठ स्थविर सब्बकामी हे आनंदांचेच शिष्य होते, असे चुल्लवग्ग सांगतो.

आपल्या महाराष्ट्रातही या शोकाचे एक शिल्परूप स्मारक आहे. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर सुमारे 7 मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. इ.स.च्या पाचव्या शतकातील या लेण्याचा दाता बुद्धभद्र हा स्वतः भिक्खू होता. शय्येखाली शोकमग्न शिष्यांची रांग कोरलेली आहे, आणि त्यांतील गालाला हात लावून बसलेली आकृती आनंदांची असल्याचे अभ्यासक मानतात. शोकाची लाज वाटली असती तर भिक्खूंनी तो आपल्या चैत्यगृहात कोरून ठेवला नसता.

आजचा अन्वयार्थ

शास्ता गेल्यानंतर अनुयायांनी काय करावे, हा प्रश्न आपल्या समाजाने 1956 साली प्रत्यक्ष अनुभवला. 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर, अंत्यसंस्काराच्या प्रसंगीच, शोकाकुल जनसमुदायाने भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. शोक शरणगमनात कसा परिणत होतो याचे इतके जिवंत उदाहरण अर्वाचीन इतिहासात विरळा. मात्र 3 ऑक्टोबर 1957 रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात थोड्याच वर्षांत फाटाफूट झाली, हेही आपण विसरू शकत नाही. पावा येथील निगंठांची वार्ता ऐकून आनंदांना जी भीती वाटली होती, ती आपल्याच अंगणात खरी ठरली.

येथे कोणी असा निष्कर्ष काढू नये की संघाविषयी किंवा संस्थेविषयी टीकाच करू नये. 1950 साली महाबोधी नियतकालिकात लिहिताना बाबासाहेबांनी तत्कालीन भिक्खूंच्या निष्क्रियतेवर कठोर टीका केली होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतही, भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव व्हावा की समाजसेवक, हा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. तरी त्यांनी तिसरे शरण गाळले नाही. दोष दाखविणे आणि शरण जाणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. आनंदांनाही तो दिसला नव्हता.

संघाला शरण जाणे म्हणजे संघाचा प्रत्येक निर्णय बिनचूक मानणे नव्हे. राजगृहाच्या स्थविरांनी स्त्रियांच्या अश्रूंना मलिनता म्हटले, तेथे त्यांची चूक झाली असे म्हणण्यास आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. खुद्द आनंदांनीच त्यांच्यासमोर आपल्याला दोष दिसत नाही असे सांगितले आहे. परंतु त्यांनी ते संघात उभे राहून सांगितले, संघाबाहेर जाऊन नव्हे.

आनंदांच्या निर्वाणाची कथाही याच अर्थाची आहे. पालि अट्ठकथेनुसार रोहिणी नदीच्या एका तीरावर शाक्य व दुसऱ्या तीरावर कोलिय आपल्याकडेच त्यांचा देहावसान व्हावा म्हणून थांबले होते. फाहियानने ऐकलेल्या कथेत ती नदी गंगा आहे आणि दोन बाजू मगध व वैशाली यांच्या आहेत. दोन्ही कथांत आनंद नदीच्या मध्यावर निर्वाण पावतात आणि त्यांच्या अस्थी दोन्ही तीरांना सारख्या वाटल्या जातात. आपल्यामागे आपल्या अस्थींवरून कोणी भांडू नये, एवढी काळजी घेऊन गेलेला हा स्थविर कुशीनगरच्या दाराशी रडला होता, हे पुण्यानुमोदनाला बोलणाऱ्या प्रत्येकाने स्मरणात ठेवावे.